नातं : इतर

फाउंड्रीत मी बीड ऐकते.
हातोडीची हलकी टिचकी :
सूर लांबला तर माल खरा,
दबका आला तर आत पोकळी, भट्टीला परत.
चौदा वर्षं उद्यमबागेत हेच काम.
म्हणून गोवावेशीच्या शोरूममध्ये
मी आधी टाकीवर नख वाजवलं,
आणि विकणारा पोरगा दाजींकडं बघत म्हणाला,
"साहेब, मॅडमना स्कूटर दाखवू की."

दाजींचं वेगळंच. कोल्हापूरची जुनी घे,
एमएच-नऊ, एकहाती, वीस हजारानं स्वस्त.
मग तिकडची ना-हरकत, इकडचा कर,
चार चकरा, दोन एजंट,
म्हणजे माझ्या गाडीचाही सीमाप्रश्न,
आणि तारखांवर तारखा.
नको म्हटलं.

साडेतीनशेच्या काळ्या गाडीवर
मी चवड्यांवर उभी राहिले,
माळ्यावरचा डबा काढताना राहतात तशी.
देखणी होती. सोडली.
बसल्यावर दोन्ही टाचा जमिनीला लागाव्यात, एवढंच.
एकशेपंचवीस. पुढं डिस्क.
रंग शेवाळी, कारण तोच शिल्लक होता.
गर्लगुंजीहून पहाटेची बस
कधी येते, कधी येत नाही. त्यासाठी गाडी.
स्वातंत्र्य वगैरे दाजी म्हणतात.

विम्याचं टेबल कोपऱ्यात, जिन्याखाली.
इराप्पा मास्तमर्डी.
भाव कन्नडात सांगतो, धीर मराठीत देतो.
"गाडीचा एक वर्ष, अक्का. तिसऱ्याचा पाच."
तिसरा कोण?
पहिली मी, दुसरी कंपनी.
तिसरा तो, ज्याला मी अजून धडकले नाही.
आत्ता देसूरला जेवून पडला असेल,
किंवा पाळण्यात असेल, दात यायचेत,
आणि पाचव्या वर्षी पिरनवाडीच्या वळणावर
चेंडूमागं धावत येईल.
त्याचे पैसे मी आज भरले, एकरकमी.
ओळखीच्या कुणाचा
इतक्या लांबचा विचार मी कधी केला नव्हता.

गाडीची किंमत कोष्टकात घटत जाते.
शोरूमच्या पायरीवरच पाच टक्के गेले.
माझी अडतीस वर्षं कुठल्या ओळीत बसतात
ते विचारलं नाही.
खाली मालकाचा अपघात : पंधरा लाख.
गाडी लाखाची, मी पंधराची.
दाजी पहिल्यांदा नीट वाकून वाचायला लागले.

"नॉमिनी?"
आई नाही. बहिणीला दाजी आहेत.
सांगितलं : निंगव्वा तळवार.
कोअर शॉपमधली. नवऱ्याची लूना चालवताना
दोनदा पडून शिकलेली.
रविवारी सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात
पदर खोचून माझ्यामागं पळायची,
मागचा दांडा धरून,
कधी सोडला ते न सांगता,
"निधान! निधान!"
तिच्या भाषेत, हळू.
माझ्या भाषेत, पुरून ठेवलेलं धन.
महिनाभर क्लच सोडताना
मला दोन्ही ऐकू यायचं.

"नातं?"
मैत्रीण.
इराप्पानं यादी खाली नेली, वर आणली.
पती, आई, मुलगा, सून, आत्यासुद्धा होती.
"मैत्रीण इल्ल, अक्का."
तोच ओशाळला.
"इतर टाकतो. चालतंय न्हवं?"
चालतंय.

चाकाखाली लिंबू, हँडलला झेंडू.
दाजी मागं बसायला निघाले,
म्हटलं, रिक्षानं या.
दुसऱ्या गेटात फाटक पडलं.
इंजिन बंद केलं. दोन्ही टाचा टेकल्या.
आजूबाजूला सगळे तिसरेच :
भाजीची पाटी, शाळेची पोरं,
सायकलवर गॅसची टाकी बांधलेला एक म्हातारा.
त्यानं शेवाळी टाकीकडं पाहिलं,
मग माझ्याकडं,
आणि थोडं सरकून जागा दिली.